चित्राचा जादा आकार : चांद्याच्या तारेपासून भामरागडच्या टॉवरपर्यंत

१/
मार्च २००२. नॉर्वेतील टेलेनॉर या कंपनीने मोबाइल फोनवरून रंगीत छायाचित्र पाठवण्याची सेवा ग्राहकांसाठी खुली केली. सेवेचे नाव एमएमएस. पुढच्याच महिन्यात, १ एप्रिल २००२ पासून, भारतात सार्वत्रिक सेवा दायित्व निधी लागू झाला. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा बाजूला काढून तो दुर्गम भागातील दूरध्वनीसाठी खर्च करायचा, असा त्यामागील हेतू होता. पहिल्या घटनेने चित्राला स्वतंत्र किंमत लावली; दुसरीने जंगलात राहणाऱ्या माणसाचाही संदेशावर हक्क आहे, हे कागदावर मान्य केले. गडचिरोलीच्या जंगलात या दोन गोष्टींची गाठ पडायला वीस वर्षे लागली. त्या वीस वर्षांचा, आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या दीड शतकाचा हा धागा.

२/
प्रथम भूगोल. आजचे चंद्रपूर म्हणजे जुना चांदा जिल्हा. त्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. चंद्रपूरकडे कोळसा, औष्णिक वीज, सिमेंट आणि बल्लारपूरचा कागद राहिला. गडचिरोलीकडे जंगल राहिले. जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग वनाच्छादित आहे. रेल्वे या जिल्ह्याला दीर्घकाळ केवळ वडसा येथे स्पर्श करून जात असे. पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला गोदावरीपलीकडे तेलंगण. दक्षिण टोकाचे सिरोंचा जिल्ह्याच्या मुख्यालयापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर. कारखाना, रेल्वे आणि मोठा रस्ता जिथे आधी गेला, तिथे तार, टेलिफोन आणि टॉवरही आधी गेले. हा क्रम लक्षात ठेवला तर पुढची कथा सोपी होते.

३/
या जंगलाची आणि दूरसंदेशाची पहिली नोंद रक्तरंजित आहे. नागपूरचे भोसले राज्य खालसा होऊन चांदा इंग्रजांकडे गेल्याला चारच वर्षे झाली होती. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी उठाव केला. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथील तारायंत्र खात्याच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल हे खात्याचे दोन कर्मचारी मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला आणि त्याने डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनला गाठले. पुढे बाबुराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्यात फाशी देण्यात आली.

४/
तारेचा खांब जंगलात कोणासाठी आला होता? खेड्यातल्या गोंड कुटुंबाने नातलगाला खुशाली कळवावी म्हणून तो नक्कीच आला नव्हता. सैन्य हलवणे, बातमी पुढे पाठवणे, महसुलावर नजर ठेवणे ही त्याची कामे. सामान्य माणसासाठी तार खुली होती, पण तिचे मोल शब्दांवर, आणि आरंभीच्या काळात अंतरावरही आकारले जाई. दूर राहणाऱ्याला दोनदा दंड बसे: शब्दाचा एक आणि मैलांचा दुसरा. तातडीची ‘एक्स्प्रेस’ तार हवी असेल तर साध्याच्या दुप्पट पैसे. संदेशावरील जादा आकाराचा इतिहास येथून सुरू होतो.

५/
टपालाने मात्र याच काळात उलट दिशा धरली. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्यात देशात कुठेही जाऊ लागले. अंतराचा हिशेब संपला. १ जुलै १८७९ ला पोस्टकार्ड आले. त्याची किंमत पाव आणा. कलकत्त्याच्या शेजारच्या गल्लीत पाठवा किंवा चांद्याच्या जंगलात, दर तोच. या एकसमान दरात एक सामाजिक तत्त्व होते: दूर राहणाऱ्याला पोहोचवण्याचा वाढीव खर्च सगळ्यांनी मिळून सोसायचा. जवळच्या पत्रातून उरलेला पैसा दूरच्या पत्राला पुढे नेत होता. हे तत्त्व दीडशे वर्षांनी निराळ्या नावाने परत येणार होते.

६/
तारेतही पुढे एक सुटसुटीत सोय झाली. दिवाळी, ईद, नववर्ष, विवाह, वाढदिवस यांच्या शुभेच्छांची ठरीव वाक्ये आणि त्यांचे क्रमांक तार कार्यालयात टांगलेले असत. पाठवणाऱ्याने क्रमांक सांगायचा. तारेतून तो क्रमांक जायचा. पलीकडे पूर्ण वाक्य उमटायचे. मिळणारा कागदही वेगळा, सचित्र आणि सणाला शोभणारा असे. तारेतून खरे तर चित्र जातच नव्हते, जात होता तो आकडा. चित्र पोहोचण्याच्या ठिकाणी आधीच छापून ठेवलेले होते. भारतीय टपाल-तार व्यवस्थेतला ‘चित्रसंदेश’ तो हाच म्हणावा लागेल. त्या तारेने १४ जुलै २०१३ रोजी अखेरचा दिवस पाहिला.

७/
जादा आकाराचे आणखी एक उदाहरण दूरदर्शनच्या काळातले. १९९० च्या दशकात सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांच्या ‘सुरभि’ कार्यक्रमातील प्रश्नांना पोस्टकार्डांवर उत्तरे येत. त्यांचा पूर इतका वाढला की टपाल खात्याने स्पर्धेसाठी वेगळे पोस्टकार्डच काढले. साधे कार्ड तेव्हा १५ पैशांना मिळे. स्पर्धेच्या कार्डाची किंमत २ रुपये ठेवण्यात आली. कागद तसाच, पोस्टमन तोच, पिशवीही तीच. बदलला होता तो केवळ कार्डाचा उद्देश. आकार वाहतुकीच्या खर्चावर बसला नव्हता. ग्राहक किती उत्साहाने पैसे मोजेल, या अंदाजावर तो बसला होता.

८/
म्हणजे मोबाइल येण्यापूर्वीच संदेशावर जादा पैसे घेण्याच्या तीन पद्धती रूढ होत्या: लांबीवर, तातडीवर आणि प्रयोजनावर. मोबाइलने त्यात चौथी भर घातली, ती संदेशाच्या रूपावरील आकाराची. अक्षर स्वस्त, चित्र महाग. वरवर पाहता हे न्याय्य वाटते, कारण चित्राला जागा जास्त लागते. परंतु किती जास्त लागते आणि किती जास्त पैसे घेतले गेले, हे मोजून पाहिले की चित्र बदलते.

९/
भारतातील पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. तेव्हा फोन करणाराही पैसे देई आणि उचलणाराही. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाली. २००३ मध्ये येणारे कॉल विनामूल्य झाले आणि फोन मध्यमवर्गाच्या खिशात स्थिरावला. लघुसंदेश म्हणजे एसएमएस सुमारे एका रुपयाला जात असे. मुंबई-पुण्यातला तरुण त्या रुपयाचा हिशेब बोटांवर करी. भामरागडात तो हिशेब करण्याची वेळच आलेली नव्हती.

१०/
एका एसएमएसची जागा १४० बाइट. तेवढ्यात रोमन लिपीतील १६० अक्षरे मावतात. नोकियाच्या ३२१० आणि ३३१० या फोनांवर ‘पिक्चर मेसेज’ नावाची सोय होती: काळे-पांढरे, ७२ ठिपके रुंद आणि २८ ठिपके उंच असे चित्र. गुलाब, केक, टेडी अस्वल. ७२ गुणिले २८ म्हणजे २०१६ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एक बिट धरला तर २५२ बाइट. एका एसएमएसमध्ये ते मावत नाही. म्हणून फोन ते चित्र तुकडे करून अनेक एसएमएसमधून पाठवी आणि तितक्याच एसएमएसचे पैसे कापले जात. पाठवणाऱ्याला पडद्यावर एकच संदेश दिसे; शिल्लक तपासली की गुलाबाची खरी किंमत कळे.

११/
आता जरा आपल्या लिपीकडे पाहू या. देवनागरीतील प्रत्येक खुणेला एसएमएसमध्ये दोन बाइट लागतात. त्यामुळे १४० बाइटांत १६० ऐवजी केवळ ७० खुणा मावतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ या शब्दांत डोळ्यांना दहा अक्षरे दिसतात. यंत्र मोकळ्या जागांसह २७ मोजते. तेच वाक्य रोमन लिपीत साधारण ३० अक्षरांचे होते, पण तिथे मर्यादा १६० ची. म्हणजे मराठीतून चार ओळी लिहिणाऱ्याला इंग्रजीतून लिहिणाऱ्यापेक्षा दुप्पटीहून अधिक दर पडत होता. कोणत्याही दरपत्रकात ‘मराठीवर जादा आकार’ असे लिहिलेले नव्हते. तरीही तो होता. एका पिढीने मराठी रोमन लिपीत लिहिण्याची सवय लावून घेतली, तिच्या मुळाशी कळफलकाची अडचण होती तसा हा हिशेबही होता.

१२/
रंगीत छायाचित्राचा एमएमएस याहून खर्चिक. भारतात त्याला साधारण तीन ते पाच रुपये पडत. शिवाय कॅमेऱ्याचा फोन हवा, त्यात इंटरनेटची जोडणी हवी, कंपनीकडून मागवलेली ‘सेटिंग’ नीट बसलेली हवी आणि पलीकडच्या माणसाचा फोनही तितकाच सक्षम हवा. तो नसला तर त्याला चित्राऐवजी संकेतस्थळाचा पत्ता असलेला कोरडा एसएमएस मिळे. पैसे मात्र गेलेले असत. रोजचे एसएमएस फुकट किंवा स्वस्त देणाऱ्या पॅकांमध्येही एमएमएस बहुधा धरलेला नसे. चित्र ही चैन आहे आणि चैनीचे मोल वेगळे, असा तो व्यवहार होता.

१३/
सणाच्या दिवशी तर साधा एसएमएसही चैनीत मोडे. दिवाळी, नववर्ष अशा दिवशी स्वस्त पॅक लागू होत नसत; या दिवसांना ‘ब्लॅकआऊट डे’ म्हटले जाई. सर्वाधिक संदेश ज्या दिवशी जाणार, नेमक्या त्या दिवशी सवलत बंद. पुढे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ट्रायने अशा दिवसांवर मर्यादा घातली. त्याच ट्रायने २०१३ मध्ये, एका कंपनीचा एसएमएस दुसऱ्या कंपनीने ग्राहकापर्यंत पोहोचवण्याचे शुल्क खर्चावर आधारून ठरवले: प्रति संदेश २ पैसे. इतकी वर्षे एक रुपयाला विकल्या गेलेल्या वस्तूच्या शेवटच्या टप्प्याचा खर्च हा एवढाच होता. ‘सुरभि’च्या कार्डाचा धडा इथे पुन्हा गिरवला गेला.

१४/
या सगळ्या काळात जंगलात काय होते? चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा, गडचिरोली शहर इथे फोन वाजू लागले होते. एटापल्ली, भामरागड, कोरची, धानोरा यांच्या आतल्या गावांत मात्र रेंज ही शोधायची वस्तू होती. अमुक टेकडी, तमुक झाड, नदीवरच्या पुलाचे मधले टोक. सिरोंचासारख्या सीमेवरच्या भागात वेगळाच पेच. गडचिरोली महाराष्ट्र परिमंडळात, नदीपलीकडचा मुलूख आंध्रच्या आणि पूर्वेचा मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या परिमंडळात. फोनने पलीकडचा टॉवर पकडला की घरच्या अंगणात उभा माणूस कागदोपत्री परराज्यात जाई आणि रोमिंगचा दर सुरू होई. अशा वेळी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत.

१५/
जादा आकार टाळण्याची लोकांची रीत मात्र सगळीकडे सारखीच होती: मिस्डकॉल. एकदा वाजून बंद झाला म्हणजे ‘पोहोचलो’, दोनदा म्हणजे ‘फोन कर’. शून्य पैशांचा, शून्य अक्षरांचा संदेश. माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या माणसाला तर अक्षरसंदेशाचा उपयोगही मर्यादित होता, कारण त्याची भाषा फोनच्या यादीतच नव्हती. गोंडीच्या दोन लिपींना, मसराम आणि गुंजाळा यांना, युनिकोडमध्ये अनुक्रमे २०१७ आणि २०१८ मध्ये स्थान मिळाले. शेजारच्या छत्तीसगडात २०१० मध्ये शुभ्रांशू चौधरी यांनी सुरू केलेल्या सीजीनेट स्वराने हीच गरज ओळखली: मिस्डकॉल द्यायचा, यंत्र उलट फोन करते, माणूस आपल्या भाषेत बोलून गाऱ्हाणे नोंदवतो. अक्षर आणि चित्र दोन्ही परवडत नसताना आवाज कामी आला.

१६/
आता पुन्हा त्या निधीकडे. कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलाचे ५ टक्के त्यात जमा होत. ढोबळ हिशेबाने, पुण्यातल्या मुलाने पाठवलेल्या एका रुपयाच्या दिवाळी-एसएमएसमधले पाच पैसे आणि पाच रुपयांच्या एमएमएसमधले पंचवीस पैसे भामरागडसारख्या गावांच्या नावे बाजूला पडत होते. अर्ध्या आण्याच्या पत्रामागचे जुने तत्त्व ते हेच: जवळच्याने दूरच्याचा भार उचलायचा. फरक एकच. टपालात पैसा आणि पत्र एकाच वेळी चालत. इथे पैसा आधी जमा झाला आणि टॉवर मागे राहिला. आरंभी हा निधी मुख्यतः गावातल्या तारेच्या टेलिफोनसाठी होता. २००६ मधील कायदेदुरुस्तीने त्याची व्याप्ती मोबाइलपर्यंत वाढवली. तरीही मोठी रक्कम वर्षानुवर्षे खर्चाविना पडून राहिली.

१७/
ऑगस्ट २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नक्षलप्रभावित भागांतील २,१९९ ठिकाणी मोबाइल टॉवर उभारण्यास मंजुरी दिली. खर्च या निधीतून, काम बीएसएनएलकडे. गडचिरोलीसह दहा राज्यांतील जिल्ह्यांत अखेर २,३४३ टॉवर झाले. ठिकाणांची निवड गृह मंत्रालयाच्या शिफारशीने झाली. त्यामुळे जंगलातल्या अनेकांसाठी टॉवर ही पोलीस ठाण्याच्या सोबतीने आलेली वस्तू ठरली. माओवाद्यांनी टॉवर जाळल्याच्या घटनाही घडल्या. १८५८ चा उठाव आणि ही हिंसा यांची जात वेगळी, काळ वेगळा. त्यांना एका माळेत ओवणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र दोन्ही वेळी जंगलात येणारी संदेशाची वाट प्रथम राज्यसंस्थेच्या गरजेने आखली गेली, एवढे साम्य नोंदवण्याजोगे आहे.

१८/
आणि हे टॉवर टूजी होते. त्यांवर बोलता येत होते, एसएमएस जात होता. छायाचित्र पाठवायचे म्हणजे मात्र रांगत जाणे. इकडे शहरांत चित्राचा जादा आकारच नाहीसा होत होता. २००९ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲपने छायाचित्राला डेटाच्या वाहत्या पाण्यात सोडले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा इतका स्वस्त झाला की एमएमएस विस्मृतीत गेला आणि ‘सुप्रभात’च्या फुलांनी लोकांचे फोन भरू लागले. तीन-चार रुपयांची चैन आता काकू-मावशींच्या सकाळचा नित्यनेम झाली. जंगलात मात्र चित्र अजूनही टेकडी चढून पाठवावे लागत होते.

१९/
२७ एप्रिल २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्या २,३४३ टॉवरना टूजीवरून फोरजीवर नेण्याचा निर्णय घेतला. अंदाजित खर्च २,४२६ कोटी रुपये. चित्रसंदेशाचा जन्म मार्च २००२ चा, निधी एप्रिल २००२ चा, आणि निधीच्या टॉवरवरून चित्र सुरळीत जावे असा निर्णय एप्रिल २०२२ चा. धाग्याच्या आरंभी म्हटलेली वीस वर्षे ती हीच.

२०/
पण तोवर चित्राचा अर्थच पालटला होता. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने रोजगार हमीच्या कामांसाठी एनएमएमएस हे हजेरीचे ॲप आणले. १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, सर्व सार्वजनिक कामांवर ते बंधनकारक झाले. दिवसातून दोनदा, वेळ आणि ठिकाण यांची नोंद असलेले मजुरांचे छायाचित्र ॲपवर चढवायचे; त्यावर हजेरी आणि हजेरीवर मजुरी. जे चित्र काल चैन म्हणून जादा पैशाला मिळत होते, ते आज कमाईची अट बनले.

२१/
ही योजना मूळची महाराष्ट्राचीच. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सुरू झालेला प्रयोग १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याला त्याने वाट दाखवली. पूर्वी हजेरी कागदी मस्टरवर होई. कागदाला रेंज लागत नाही. ॲपमध्ये चित्र फोनमध्ये साठवून नंतर पाठवण्याची सोय आहे, आणि अपवादात्मक स्थितीत हाताने हजेरी मान्य करण्याचा अधिकार जिल्हा पातळीवर आहे. तरी संध्याकाळी रेंजपर्यंत चालत जाणारा माणूस मेट किंवा रोजगारसेवकच असतो. फोन बहुधा त्याचा, डेटाचा पॅकही त्याचाच. चित्र चढले नाही तर गमावण्याची रक्कम २०२२-२३ च्या दराने दिवसाला २५६ रुपये. जुलै २०२५ मध्ये खुद्द ग्रामविकास मंत्रालयाने कबूल केले की ॲपवर असंबद्ध छायाचित्रे आणि छायाचित्रांचीच छायाचित्रे चढवली जात आहेत. म्हणजे पुरावा म्हणून मागितलेले चित्र पुरावाही ठरेना.

२२/
दरपत्रकात आज ‘चित्रसंदेश : जादा आकार’ अशी ओळ सापडत नाही. तारेचे मैल, स्पर्धेच्या कार्डाचे दोन रुपये, गुलाबाचे अनेक एसएमएस, देवनागरीच्या ७० खुणा, सिरोंचाचे रोमिंग: प्रत्येक काळात तो आकार निराळ्या रकान्यात लपलेला होता. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटतो, तेव्हा टॉवरही कधी मुका होतो. त्या दिवशी चित्र पाठवण्याचे मोल पैशांत मांडता येत नाही. ते बुडालेल्या हजेरीत आणि पायी तुडवलेल्या अंतरात मोजावे लागते. १८५४ मध्ये अर्ध्या आण्याच्या पत्राने अंतराचा दंड रद्द केला होता. त्याच जंगलात चित्राच्या बाबतीत तो दंड अजून पुरता रद्द व्हायचा आहे.

(धागा समाप्त)